संत्र्याच्या कलमाचा वाडगा: ओल्या लाकडावरच्या नोंदी

3 मे, काटोल

मामाची संत्र्याची बाग आज निघाली. दोन एकर, सहा बाय सहा मीटरवर लावलेली सव्वादोनशे झाडं, वय 24. गेली चार वर्षं शेंडेमर वाढत होती, बुंध्याला डिंक्या, म्हणजे सालीतून डिंक गळण्याचा रोग, होता, फळ लिंबाएवढं पडायला लागलं होतं. शेवटचा मृग बहार (पावसाच्या सुरुवातीच्या फुलांचं फळ) मार्चमध्ये तोडला आणि त्यानंतर बागेला पाणी दिलंच नाही. सकाळी सातला जेसीबी लागला तेव्हा मामा बांधावर उभा नव्हता. विहिरीकडे तोंड करून बसला होता.

काटोल-नरखेडच्या पट्ट्यात संत्र्याच्या खोडाकडे कोणी लाकूड म्हणून बघत नाही. बाग निघाली की ते वीटभट्टीत जातं, नाहीतर चुलीत. मी तीन वर्षं लेथवर, म्हणजे लाकूड फिरवत ठेवून हत्याराने आकार द्यायच्या यंत्रावर, साग, शिसम, कडुनिंब कातते आहे, संत्रा मात्र कधी हाताखाली आला नव्हता. परवा फोनवर मागितला तेव्हा मामा म्हणाला, "काय करतं पोरी त्या खोडाचं? भट्टीवाला ट्रॅक्टर घेऊन येऊन राह्यला." मग जरा थांबून, "तुले लागते तेवढं आधी काढून घे."

मला करायचे आहेत ते सालीच्या काठाचे वाडगे. खोड उभं चिरायचं, अर्ध्या ओंडक्याची साल वरच्या बाजूला ठेवायची आणि तीच वाडग्याची कड होऊ द्यायची. खोड गोल, म्हणून कड सपाट येत नाही. खोडाच्या लांबीच्या दिशेची दोन टोकं उंच उठतात, आडव्या दिशेच्या दोन बाजू खाली उतरतात. झाड आतून कातलं तरी बाहेरची त्याची रेघ जशीच्या तशी राहते.

ढिगात फिरताना बुंधे पाहिले आणि बेत बदलला. जमिनीपासून वीतभर उंचीवर प्रत्येक झाडाला जोड दिसतो. खाली जंबेरी लिंबाचा खुंट (मुळाकडचं झाड), वर नागपुरी संत्रा. रोपवाटिकेत जंबेरीच्या रोपाच्या सालीत संत्र्याचा डोळा, म्हणजे फुटवा येणारी कळी, भरतात, डोळा फुटला की वरचं जंबेरीचं शेंड छाटतात. ती जागा 24 वर्षांनीही झाकली गेलेली नाही. तिथे खोड थोडं फुगलं आहे आणि सालीचा पोत बदलतो. ही रेघ काठावर आली पाहिजे, असा एक वाडगा करायचा.

चेनसॉने पाच तुकडे काढले. तीन साध्या खोडाचे, व्यास 20 ते 23 सेंटीमीटर, आणि दोन जोडाचे. जोडाखाली जेमतेम 12 सेंटीमीटर खोड मिळतं, मग मुळं सुरू होतात. जेसीबीने मुळासकट उपटलं म्हणून तेवढं तरी मिळालं. करवतीने जमिनीलगत कापलं असतं तर जोड हातचा गेला असता. सात बुंधे तपासले. पाचांत डिंक्याचा काळा डाग लाकडात खोल शिरला होता, दोन स्वच्छ निघाले.

टोकांना तिथेच वितळलेलं मेण फासलं, ओल्या बारदान्यात गुंडाळलं. नागपूरपर्यंत 60 किलोमीटर. गाडीची डिकी उघडली तेव्हा आतून संत्र्याच्या पानाचा वास आला. लाकडालाही तो वास असतो हे मला माहीत नव्हतं.

4 मे, नंदनवन, नागपूर

पहाटे साडेपाचला शेड उघडली. साडेनऊनंतर पत्र्याखाली उभं राहवत नाही.

चार तुकडे पाण्याच्या ड्रममध्ये बुडवले. पाण्याखाली लाकूड वाळत नाही, म्हणून तडकतही नाही. पाचवा चिरायला घेतला. लांबी व्यासाएवढीच ठेवायची, 22 ला 22. टोकांवर खडूने रेघ आखली ती खोडाच्या मध्यबिंदूतून. हा बिंदू वाडग्यात राहिला तर तडा तिथूनच सुटतो, कारण सगळी वलयं त्याच्याभोवती आवळत येतात. म्हणून रेघेच्या दोन्ही बाजूंनी दीड-दीड सेंटीमीटर काढून टाकलं.

आतलं लाकूड पाहिलं आणि खूप वेळ नुसती हात फिरवत बसले. लोणीपिवळं, बारीक रेषांचं, गाभा आणि बाहेरचं लाकूड यांत रंगाचा फरक जवळजवळ नाही. वजनाला शिसमाच्या जवळ जाईल असं.

लेथवर चढवताना सालीच्या मध्यात 40 मिलिमीटरचं भोक पाडून घेतलं. ओंडका फिरवणारे लेथचे दाते सालीत रुतले तर साल फिरत राहते आणि ओंडका जागेवरच, म्हणून ते थेट लाकडात बसले पाहिजेत. दुसऱ्या, चिरलेल्या सपाट बाजूला टेलस्टॉकची, म्हणजे लेथच्या समोरच्या आधाराची, टोकदार सुई. इथे घाई करू नये. टूलरेस्टला, म्हणजे हत्यार टेकवायच्या पट्टीला, पेन्सिल टेकवून ओंडका हाताने फिरवायचा. दोन्ही उंच टोकं पेन्सिलपासून सारख्या अंतरावर आली पाहिजेत, दोन्ही उतरत्या बाजूही आपसात सारख्या. जमत नसेल तर सुई थोडी सरकवायची, पुन्हा फिरवायचं. मला चाळीस मिनिटं लागली. ती वाचवली असती तर एक कान उंच आणि एक बुटका असा वाडगा झाला असता, आणि मग तो कसाही दुरुस्त होत नाही.

मिनिटाला 450 फेऱ्यांवर सुरुवात केली, गोल झाल्यावर 900. ओल्या संत्र्यातून ढलप्या निघतात त्या लांब, ओल्या फितीसारख्या. मनगटावर पाणी उडतं. बाहेरचा आकार बुडाकडून काठाकडे कातला, बुडाला चकमध्ये (लेथच्या जबड्यात) धरायला 50 मिलिमीटरचा गुट्टा केला, उलटा करून चकमध्ये बसवला, पोट कोरायला घेतलं. दहा वाजले, थर्मामीटरवर 41. अर्धं पोट कोरून झालं होतं, भिंत अजून 25 मिलिमीटर जाड. उरलेलं संध्याकाळी करू म्हणून वर ओलं फडकं टाकून आत गेले.

4 मे, संध्याकाळ

तडा. काठापासून बुडाच्या दिशेने बोटभर, आणि समोरच्या बाजूला दुसरा, केसाएवढा. फडकं कोरडं ठक्क झालं होतं.

यात लाकडाचा दोष नाही. लाकडातलं पाणी दोन जागी असतं, पेशींच्या पोकळीत मोकळं आणि पेशींच्या भिंतीत मुरलेलं. मोकळं पाणी निघून जाईपर्यंत लाकूड आकसत नाही. ओलावा साधारण 28-30 टक्क्यांच्या खाली उतरला की भिंतीतलं पाणी जायला लागतं आणि मग आकसणं सुरू होतं. वलयांच्या दिशेने जास्त, मध्यापासून सालीच्या दिशेने त्याच्या साधारण निम्मं, लांबीच्या दिशेने जवळपास नाहीच. 25 मिलिमीटर जाड भिंतीचा वरचा पापुद्रा नागपूरच्या मे महिन्यात दोन-तीन तासांत वाळतो आणि आवळायला लागतो, आतलं लाकूड मात्र ओलं, फुगलेलं. पापुद्र्याला फाटण्यावाचून मार्ग नसतो. भिंत पातळ असती तर सगळी बरोबरच वाळली असती, वाकडी झाली असती, पण फाटली नसती.

पुढचा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहिला: ओंडका ड्रममधून काढला की त्याच दिवशी, मध्ये न थांबता, शेवटच्या जाडीपर्यंत. वेळ पुरणार नसेल तर ड्रममधून काढायचाच नाही.

7 मे

त्याच तुकड्याचा दुसरा अर्धा भाग. चारला उठले, पावणेदहाला वाडगा लेथवरून उतरला. भिंत सहा मिलिमीटर, म्हणजे सुताराच्या भाषेत दोन सूत.

सालीविषयी. बागकाम करणारी माणसं सांगतात की झाड पालवीत असलं की साल सहज सुटते. साल आणि लाकूड यांच्या मधला वाढीचा थर तेव्हा ओला आणि मऊ असतो. डोळा भरतातही म्हणूनच तेव्हा, साल उचलता येते म्हणून. मला हवं ते नेमकं उलटं. मामाच्या बागेला दोन महिने पाणी नव्हतं. मृगासाठी पाणी तोडून ताण देतात तसाच हा ताण, फक्त यावेळी शेवटचा. वाढ थांबलेली, साल लाकडाला घट्ट. नखाने उचकटून पाहिली, निघाली नाही.

म्हणजे आपल्याकडे साल धरते ती नेमकी ज्या दिवसांत लाकूड सगळ्यांत जास्त तडकतं त्या दिवसांत. पावसाळ्यात तडकणं कमी, पण तेव्हा साल हातात येते. दोन्ही एकदम मिळत नाहीत. मी मे निवडला. हवा माझ्या हातात थोडीफार आहे, झाडाची वाढ नाही.

घट्ट असली तरी एका ठिकाणी साल उडालीच. बुडाकडून काठाकडे कातत गेले की शेवटी हत्यार सालीला आतून बाहेर ढकलतं, तिला मागे आधार काही नसतो. शेवटचा हात काठाकडून आत घ्यायला हवा होता, म्हणजे साल लाकडावर दाबली जाते. उडालेला तुकडा ढलप्यांत सापडला, फेविक्विकने बसवला. पातळ ग्लू ओल्या लाकडावर पटकन धरतो पण फिक्या लाकडावर डाग सोडतो. म्हणून पुढच्या वेळी शेवटचा हात फिरवण्याआधीच सालीच्या रेघेवर ग्लू सोडायचा. डाग त्या हातात निघून जाईल.

लेथचा बेड ओल्या भुशाने दोन तासांत गंजायला लागला. पुसून तेल.

10 मे, लकडगंज

बाऊल गाउजची, म्हणजे वाडगा कातायच्या पन्हळी हत्याराची, धार लावून आणायला नव्हे, दाखवायला गेले. लकडगंजात आरामशीनच्या गल्लीत एक खरादी काका आहेत, पलंगाचे पाय, पोळपाट-लाटणी करतात आणि तान्ह्या पोळ्याच्या आधी दोन महिने लाकडी नंदीची चाकं. त्यांना 4 तारखेचा तडकलेला वाडगा दाखवला.

"ओल्यात हात काऊन घालून राह्यल्या ताई तुम्ही?"

त्यांच्याकडे साग माळ्यावर वर्षभर पडून असतो, मग लेथवर चढतो. पोळपाटाला तेच योग्य आहे. पोळपाट वाळताना वाकला तर पोळी लाटता येणार नाही. माझ्या वाडग्याला वाकायची मुभा आहे, आणि साल वर्षभर वाळवलेल्या लाकडावर बहुतेक वेळा सुटून येते. हे सांगितलं. पटलं नाही, पण ऐकून घेतलं. मग हत्यार मागितलं, धारेवरून अंगठा आडवा फिरवला, उलटं करून उजेडात धरलं.

"धार बरी आहे. मागची टाच काढा हिची. आतल्या वळणावर टाच घासून राह्यली, म्हणून तुमच्या वाडग्यात ह्या रेघा."

खरंच होतं. पोटात तळाकडे वळताना दाबल्यासारखे चकचकीत पट्टे येत होते आणि मी दोष लाकडाला देत होते. त्यांनी स्वतःच्या ग्राइंडरवर धारेमागचा निम्मा उतार घासून काढला, दोन मिनिटांचं काम. पैसे घेतले नाहीत. "जोडाचा कराल तवा दाखवायला आणा."

12 मे

वाळवण्याची जागा ठरवायची आहे. एकाच फांदीतून दोन सारख्या वाट्या कातल्या, व्यास 11 सेंटीमीटर, भिंत दोन्हींची दोन सूत. एक शेडमध्ये फळीवर, एक घरात मधल्या खोलीत, जिथे कूलर चालतो.

शेडमधला हवेचा ओलावामापक दुपारी 16 टक्के दाखवत होता. कूलरच्या खोलीत 66.

13 मे

शेडमधली वाटी 26 तासांत चिरली, तीही काठापासून नाही, बुडातून. खोलीतली शाबूत.

नागपूरकर उन्हाळ्यात वाळ्याच्या ताटीला पाणी मारून घर राहण्याजोगं करतात. लाकडाला तीच हवा लागते. 16 टक्के आर्द्रतेत लाकूड शेवटी तीन-चार टक्के ओलाव्यापर्यंत उतरतं आणि धावत उतरतं. 66 टक्क्यांत ते अकरा-बारा टक्क्यांवर थांबतं आणि सावकाश जातं. एवढं सोपं उत्तर घरात भिंतीला लावलेलं होतं. वाडगा मात्र झोतात ठेवायचा नाही. कपाटावर, झोताच्या आडोशाला, कागदी पिशवीत, पिशवीत मूठभर त्याच लाकडाच्या ओल्या ढलप्या.

16 मे

पिशवीतल्या वाटीवर राखाडी बुरशीचे ठिपके. फिक्या लाकडावर ते आत उतरतात. पिशवी रोज बदलायची, ढलप्या पहिल्या दिवशीच्याच, दुसऱ्या दिवसापासून नाही.

18 मे

जोडाचा पहिला बुंधा ड्रममधून न काढता पाण्यातच तारेच्या ब्रशने घासला. मुळालगतच्या सालीत माती आणि बारीक खडे अडकलेले असतात, एक खडा धार घालवायला पुरे.

सालीवर जुन्या बोर्डो मलमाचे निळसर-पांढरे थर आहेत. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. मामा दरवर्षी बुंध्याला हातभर उंच लावायचा, डिंक्या येऊ नये म्हणून. ते पूर्ण घासून काढायचं ठरवलं होतं, मग थोडं राहू दिलं. भेगांत मुरलेला तो निळा रंग या झाडाचाच आहे. पण त्यामुळे दोन गोष्टी पक्क्या: कातताना मास्क, आणि या वाडग्यात खायचं काही ठेवायचं नाही.

19 मे

पहाटे 3:40. शेडमध्ये 31 अंश.

चिरण्याआधी मध्यबिंदू शोधला आणि अडले. खालच्या टोकाला बिंदू एका जागी, वरच्या टोकाला तो दोन सेंटीमीटर बाजूला. जरा विचार केल्यावर उलगडलं. खुंटाचा बिंदू जंबेरीच्या छाटलेल्या शेंड्यापाशी संपतो. संत्र्याचा बिंदू डोळ्यापासून सुरू होतो आणि डोळा तर बाजूला भरलेला. म्हणजे आत बिंदूची रेघ सरळ नाही, जोडापाशी मोडते. त्या कोपऱ्यात जुन्या छाटणीची जखम गाडलेली असणार.

मग रेघ खालच्या बिंदूतून न आखता दोन्ही बिंदूंच्या बाहेरून आखली. एका अर्ध्याला पूर्ण खोली मिळाली, दुसरा बारीक झाला. चिरल्यावर तसंच दिसलं: लालसर-काळपट, बोराच्या बीएवढी गाठ, तिच्यावरून लाकूड दोन्हीकडून वळून आलेलं. चोवीस वर्षांपूर्वी कोणीतरी चाकूने तिरपा काप घेतला होता, त्याचा उतार अजून कळतो. ती गाठ बारीक अर्ध्यात गेली. तो अर्धा पुन्हा ड्रममध्ये टाकला, पण आधी तिचं चित्र वहीत काढून ठेवलं.

जाड अर्धा चढवला. जोड बरोबर मध्यावर यावा अशी मापं घेतली होती, म्हणजे वाडग्याची एक बाजू जंबेरी, एक संत्रा आणि रेघ दोन्ही उतरत्या काठांवर. फुगवट्यामुळे पेन्सिलची मापं जुळेनात. एका बाजूला जोड चार मिलिमीटर जास्त फुगलेला. शेवटी उंच टोकं जुळवली आणि उतरत्या बाजूंतला फरक राहू दिला, कारण डोळा भरलेल्या बाजूचा फुगवटा खराच मोठा आहे.

बाहेरचा आकार साडेसहापर्यंत. जंबेरीकडे ढलपी थोडी तुटक येते, संत्र्याकडे सलग. हाताला दर फेरीत दोन वेळा फरक जाणवतो, आवाजातही. रंगात जंबेरी किंचित जास्त पिवळी. सालीच्या रेघेवर ग्लू सोडला, दहा मिनिटं थांबले, मग काठाकडून आत शेवटचा हात. साल कुठेही हलली नाही. बोर्डोचा निळा ठिपका एका कानावर जसाच्या तसा राहिला.

पोट. इथे दोन-दोन सेंटीमीटरच्या पायऱ्यांनी उतरायचं. पहिले दोन सेंटीमीटर थेट दोन सुतांपर्यंत पातळ करायचे, पूर्ण करायचे आणि मग तिकडे परत जायचं नाही. मधला गड्डा तोपर्यंत तसाच ठेवायचा, तो भिंतीला थरथरू देत नाही. खाली काम चालू असताना वरचा काठ आपला आकार बदलायला लागलेला असतो. तिथे पुन्हा हत्यार लावलं तर ते एका बाजूला हवेत आणि दुसऱ्या बाजूला खोल जातं.

काठ फिरताना नीट दिसत नाही. दोन उंच टोकांमुळे नुसती धूसर सावली दिसते, घट्ट भाग तिच्या आत कुठेतरी. मागे काळं कापड टांगलं की सावलीची कड उमटते. बोट तिथे कधीही न्यायचं नाही, पॉलिशपेपर धरलेलं तर नाहीच.

जाडी मोजायला एक युक्ती उपयोगी पडली. बाहेरच्या बाजूला एलईडीचा दिवा लावला आणि शेडची बत्ती बंद केली. ओलं फिकं लाकूड पातळ झालं की उजेड आरपार येतो. सहा मिलिमीटरला तो मधासारखा दिसतो. वाडगा आतून उजळला आणि जोडाची रेघ काठापासून बुडापर्यंत गडद, वाकडी, एकसलग दिसली. उजेडातच ती अशी पूर्ण दिसते, नुसत्या डोळ्यांना सालीपाशी आणि आणखी दोन ठिकाणी. पुढचा अर्धा तास मी त्या रेघेच्या बरोबरीने उतरत गेले.

तळाशी टाच काढलेलं गाउज वापरलं. एकही पट्टा नाही.

बूडही आजच निपटायला हवं होतं, कारण वाळलेला वाडगा गोल राहणार नाही. लाकडी ठोकळ्यावर जाड फडकं घालून वाडगा उलटा टेकवला, टेलस्टॉकने दाबला, गुट्टा कातून बूड किंचित आत खोलगट केलं. उरलेला बोंडाएवढा भाग पटाशीने.

9:25 ला उतरला. 262 ग्रॅम. काठाचा व्यास लांबीकडे 186 मिलिमीटर, आडवा 186. थेट कागदी पिशवीत आणि कूलरच्या खोलीत.

20 ते 24 मे

20 ला 243 ग्रॅम. 21 ला 230. 23 ला 214.

रोज सकाळी आणि रात्री काठ, बूड आणि जोडाची रेघ भिंगातून पाहते. 22 ला दुपारी वीज गेली, तीन तास कूलर बंद. खोलीतला ओलावा 30 पर्यंत उतरला. पिशवीवर ओली चादर टाकून बाजूला बसून राहिले.

26 मे

नवतपा सुरू आहे. बाहेर 45, रस्त्यावर माणूस नाही. खोलीत 64 टक्के. वजन 201. पिशवी काढली.

जोडाशी एक केसाएवढी रेघ दिसली, सालीच्या आत, लाकडात नाही. दोन जातींच्या सालींच्या मधली ती शिवण असावी. नखाला लागत नाही. पातळ ग्लूचा एक थेंब सोडला.

30 मे

194.

4 जून

191, तीन दिवस हलला नाही. या खोलीच्या हवेशी त्याचा मेळ बसला.

लांबीकडे 186 चे 185. आडवा व्यास जंबेरीच्या अर्ध्यात 11 मिलिमीटर आकसला आहे, संत्र्याच्या अर्ध्यात 8. काठावरून पाहिलं तर वाडगा अंड्यासारखा, एक टोक किंचित निमुळतं. हे मी आखलं नव्हतं. दोन झाडं आपापल्या मापाने वाळली आहेत आणि तरी जोडाने त्यांना सोडलेलं नाही. अंगठ्याने दाबून पाहिलं, ठणठणीत.

बूड डुगडुगत होतं. कडप्प्यावर 120 चा पॉलिशपेपर पसरून त्यावर घासून बसवलं. बाकीचं हातानेच, 120 पासून 320 पर्यंत.

6 जून

जवसाचं तेल, घाण्यावरचं. पहिला हात पातळ, वीस मिनिटांनी सगळं पुसून घ्यायचं. लोणीपिवळा रंग मधाकडे गेला. सालीला तेल लावलं नाही.

तेलाची फडकी बोळा करून शेडमध्ये टाकू नयेत, या हवेत तर अजिबात नाही. जवसाचं तेल हवेतल्या ऑक्सिजनशी जुळून घट्ट होतं आणि त्यात उष्णता निघते. बोळ्यात ती कोंडते आणि फडकं आपोआप पेटू शकतं. मी पाण्याच्या बादलीत बुडवते, मग बाहेर तारेवर एकेक पसरते.

कच्चं तेल वाळायला आठवडे घेतं. घाई नाही.

11 जून, लकडगंज

काकांना दाखवला. त्यांनी वाडगा दुकानाबाहेर नेला, उन्हात आत हात घालून फिरवला, मग जोडाच्या रेघेवर नख चालवलं. "इथं काही भरलं का?" नाही म्हटलं. "जंबेरी कोणतं?" ओळखा म्हटलं. डोळे मिटून दोन्ही बाजूंवर अंगठा फिरवला आणि बरोबर बाजू दाखवली. जंबेरीचा एखादा सुका तुकडा लाटण्यासाठी हवा आहे त्यांना. देणार आहे.

24 जून, काटोल

पाऊस लागला आहे. वाडगा 196 ग्रॅम, आडवा व्यास दीड मिलिमीटरने परत वाढला. कूलर आता बंद, हवाच ओली.

मामाने वाडगा घेतला आणि पहिली गोष्ट केली ती उलटा करून बूड पाहिलं. मग सुलटा. मग निळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "हे मोरचूद माह्या हातचं."

जोडाची रेघ पाहून म्हणाला, "डोळा इकडून भरला होता." त्याने दाखवली ती जास्त फुगवट्याची बाजू. मी वहीतलं चित्र काढून दाखवलं, छाटणीची गाठ आणि तिचा उतार. उतार नेमका त्याच्या बोटापासून दूर जाणारा. बाग लावली तेव्हा रोपं त्यानेच निवडून आणली होती.

मामीला त्यात लिंबं ठेवायची होती. बोर्डोचं सांगितलं. मग मामाने मोटारच्या पेटीची किल्ली खिशातून काढून त्यात ठेवली आणि वाडगा खिडकीत.

जेवण झाल्यावर शेतावर गेलो. खड्डे भरून तयार आहेत. नवीन रोपं विहिरीजवळ सावलीत, यावेळी खुंट रंगपूर लाइमचा. मामाने माझ्याकडची पट्टी मागितली आणि एका रोपाशी उकिडवा बसून जमिनीपासून डोळ्यापर्यंतचं अंतर मोजलं. 26 सेंटीमीटर.

"जुन्याच्यापेक्षा चार बोटं वर," तो म्हणाला, आणि दुसरं रोप मोजायला घेतलं.